परावलंबी आई-वडील आणि आयकर: ८०डीडीची वजावट नक्की कुणाला?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार मंडळी. शोधून पाहिलं, या विषयावर इथे वेगळा धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. नागपूरकरांकडून माहिती हवी आहेच, पण बाकीच्यांनीही जरूर लिहा.

बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, चालणं बंद. ते हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. पेन्शन ईपीएस-९५ची (कर्मचारी पेन्शन योजना), महिन्याला अडीच हजारसुद्धा नाही. आईला स्वतःचं उत्पन्न नाही. दिवसा ब्युरोच्या मावशी येतात, फिजिओथेरपी घरीच चालते. औषधं, डायपर, एअर बेडचं भाडं सगळं माझ्याकडे. पुण्याचा धाकटा भाऊ जमेल तसे पैसे पाठवतो. बाबांचं दिव्यांग प्रमाणपत्र झालंय, ८० टक्क्यांच्या वर आहे. युडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलं.

मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे, पगार वर्षाला १५ लाख. कंपनीच्या एचआरला विचारलं तर म्हणाले, "आई-वडिलांचं काही नसतं, फक्त मेडिक्लेम दाखवा." मेव्हणे न्यू जर्सीत असतात, ते म्हणतात की अमेरिकेत आई-वडिलांना 'डिपेंडंट' म्हणून दाखवता येतं, मग तुमच्याकडे कसं नाही? मला जाणून घ्यायचंय की आयकर कायद्याच्या ८०डीडी कलमाखाली (दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट) आई-वडील येतात का, बाबांच्या पेन्शनमुळे ते 'अवलंबून नाहीत' असं ठरेल का, आणि भावाने व मी वजावट अर्धी अर्धी वाटून घेतली तर चालेल का.

ताळेबंद

मी सीए आहे, धरमपेठेत बसतो. सविस्तर लिहितो, कारण या कलमाबद्दल ऑफिसांमधून चुकीचं सांगितलं जातं.

आई-वडील येतात. कलमात पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ आणि बहिणी इतके सगळे आहेत. ही व्यक्ती दिव्यांग असावी, म्हणजे किमान ४० टक्के, आणि पालनपोषणासाठी 'पूर्णपणे किंवा मुख्यतः' तुमच्यावर अवलंबून असावी. वजावट ७५,००० रुपये. ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर १,२५,००० रुपये. ही रक्कम ठरावीक आहे, म्हणजे खर्च ४० हजार झाला तरी तेवढीच आणि ४ लाख झाला तरी तेवढीच. खर्च मात्र खरोखर झालेला हवा. उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण, पुनर्वसन हे सगळं त्यात धरतात, त्यामुळे तुमच्या ब्युरोच्या मावशींचा पगारही त्यात बसतो.

बाबांची पेन्शन: कलमात उत्पन्नाचा कुठलाही आकडा दिलेला नाही. अडीच हजारात एअर बेडचं भाडं तरी निघतं का, हा साधा प्रश्न विचारा. तुमच्या बाबतीत 'मुख्यतः अवलंबून' हे स्पष्ट आहे. याच धाग्यावर उद्या कुणी विचारेल की आईला चाळीस हजार फॅमिली पेन्शन आहे, तर तिथे मी हो म्हणणार नाही. त्या आईने स्वतःच्या रिटर्नमध्ये ८०यू (दिव्यांग करदात्याची स्वतःसाठीची वजावट) घ्यावं. आणि त्यांनी ८०यू घेतलं की मुलाला ८०डीडी घेता येत नाही, हे कायद्यातच आहे.

भावाबरोबर वाटणी नाही. मुख्यतः अवलंबून असणं एकाच मुलावर होऊ शकतं. ८०डीचं (आरोग्य विमा आणि औषधपाण्याच्या खर्चाची वजावट) वेगळं. तिथे ज्याने जेवढं भरलं तेवढं तो दाखवू शकतो. बाबा साठीच्या पुढे आहेत आणि त्यांचा मेडिक्लेम नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च ५०,००० पर्यंत ८०डी खाली मिळतो. फक्त तो रोखीने केलेला नको. ८०डी साठी आई-वडील तुमच्यावर अवलंबून असायचीही गरज नाही. भाऊ पुण्याहून औषधांची बिलं थेट ऑनलाइन भरत असेल, तर तो तेवढी घेऊ शकतो.

मेव्हण्यांना सांगा, त्यांच्याकडचा नियम खरा आहे पण आपल्या आई-वडिलांना लागू नाही. अमेरिकेत तिथला नागरिक नसलेला पालक 'डिपेंडंट' होण्यासाठी तिथला, कॅनडाचा किंवा मेक्सिकोचा रहिवासी असावा लागतो. निम्म्याहून जास्त खर्च मुलाने केलेला हवा आणि पालकाचं उत्पन्न मर्यादेत हवं, २०२५ साठी ती ५,२०० डॉलर होती. नागपुरात राहणारे भारतीय वडील त्यात बसत नाहीत. उलट बाजूनेही तसंच आहे. मुलगा अनिवासी असेल तर त्याला इथलं ८०डीडी मिळत नाही. ते फक्त भारतातल्या निवासी करदात्याला आहे.

मानेवाडा_रिंगरोड

ताळेबंद सर, मनापासून आभार. एका प्रतिसादात एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. मग मी १,२५,००० दाखवले की तीस टक्क्यांच्या हिशोबाने उपकरासकट ३९,००० वाचतात, बरोबर ना?

ताळेबंद

जुन्या करप्रणालीत असाल तर. नव्या प्रणालीत ८०डीडी, ८०यू, ८०डी, ८०डीडीबी (ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारांसाठीची वजावट) यातलं काहीच नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं निवडावं लागतं.

तुमचाच हिशोब करू, आर्थिक वर्ष २०२५-२६ चा. नव्या प्रणालीत १५ लाखातून ७५,००० प्रमाणित वजावट गेली, उरले १४,२५,०००. कर ९३,७५० आणि उपकर धरून ९७,५००. आता जुनी प्रणाली. प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी (पीपीएफसारखी गुंतवणूक) पूर्ण दीड लाख, बाबांचं ८०डीडी १,२५,०००, ८०डी मध्ये तुमच्या कुटुंबाचे २५,००० आणि आई-वडिलांचे ५०,०००. उरले ११ लाख, आणि कर उपकरासकट १,४८,२००. म्हणजे सगळं करूनही जुनी प्रणाली ५०,७०० रुपयांनी महाग. गृहकर्जाचं व्याज पूर्ण २ लाख असेल तर उत्पन्न ९ लाखावर येतं आणि कर ९६,२०० होतो. तेव्हा कुठे तेराशे रुपये वाचतात.

१५ लाख पगाराला जुनी प्रणाली परवडण्यासाठी प्रमाणित वजावट सोडून साधारण ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी लागतात. ८०डीडी त्यातला एक चतुर्थांशही नाही. घरभाडे भत्ता आणि गृहकर्ज असणाऱ्यांना ते उपयोगी पडतं. बाकीच्यांनी दोन्ही हिशोब मांडल्याशिवाय हात लावू नये.

फुटाळा

हा हिशोब वाचून वाईट वाटलं, आणि मला इथे ठाम बोलायचंय.

८०सीची वजावट काढली तर समजू शकतो. पीपीएफ भरायचा की नाही हे माणूस ठरवतो. पण लकवा झालेल्या बापाला कुशीवर वळवायला माणूस ठेवायचा की नाही, हे कुणी ठरवत नाही. तो पैसा आपल्या हातात आलाच नव्हता असं समजून चालावं लागतं. १५ लाख कमावणारा एकटा मुलगा आणि १५ लाख कमावून अंथरुणावरच्या वडिलांना सांभाळणारा मुलगा, नव्या प्रणालीत दोघांचा कर अगदी सारखा. करदात्याची ऐपत बघून कर घ्यावा असं आपण म्हणतो, मग ही ऐपत सारखी कशी?

माझी आई सहा वर्षं पार्किन्सनने अंथरुणाला होती. ब्युरोच्या बाईचे पैसे रोख जायचे, तीही बिचारी पावती कुठून देणार? एका वहीत तारीख, रक्कम आणि तिची सही घ्यायचो. तिला सही येत नव्हती. माझ्या आईनेच, हात थरथरत असताना, तिला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. त्या वहीत पहिल्या पानांवर अंगठे आहेत आणि पुढे सह्या.

बर्डी_मेनरोड

फुटाळा, तुमचं म्हणणं मनाला भिडलं. पण दुसरी बाजूही बघा. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर सवलतीमुळे कर शून्य. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. नागपुरात आई-वडिलांना सांभाळणाऱ्या बहुतेक घरांचं उत्पन्न त्याच्या आतच आहे. त्यांना ८०डीडीची गरजच उरली नाही, कागदपत्रांची धावपळही नाही. माझ्या मोठ्या बहिणीला आईसाठी दरवर्षी कागद गोळा करावे लागायचे, आता ती निवांत आहे.

फुटाळा

मान्य. त्या घरांना दिलासा मिळालाच. माझं म्हणणं त्याच्या वरच्या लोकांबद्दल आहे, आणि एवढंच की नव्या प्रणालीत एनपीएसमधल्या (राष्ट्रीय पेन्शन योजना) मालकाच्या वाट्याला जागा आहे, तर दिव्यांग अवलंबितांनाही ठेवता आली असती. हे मागायला हवं. आपण मागतच नाही.

तर्री_पोहे

ओ मानेवाडा भाऊ, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? पुण्याच्या भावाचं गृहकर्ज असंल ना? मग त्याच्या रिटर्नमधी दाखवा बाबाले. त्याले जुनी प्रणाली परवडंल, तुमी नवी घ्या. घरचेच पैसे घरात राह्यतात.

ताळेबंद

भाऊ, तुमची कळकळ समजते, पण असं करू नका. बाबा राहतात मानेवाड्यात मोठ्या मुलाकडे, खर्च तो करतो, बँकेतून पैसे त्याच्या खात्यातून जातात. धाकटा 'मुख्यतः अवलंबून' कसं दाखवणार? पुढच्या वर्षी खरोखर बाबा पुण्याला त्याच्याकडे राहायला गेले आणि खर्च तो करू लागला, तर गोष्ट वेगळी.

बेसा_पिपळा

वरच्या मुद्द्याला जोडून. गेल्या काही वर्षांत रिफंड काढून देतो म्हणणारे एजंट बरेच झालेत. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं रिटर्न अशाच एकाने भरलं. त्याचे वडील ठणठणीत, रोज सकाळी फिरायला जातात. रिटर्नमध्ये ८०डीडीचे सव्वा लाख. त्याला माहीतही नव्हतं, रिफंडचा वाटा मात्र एजंटने घेतला. मग विभागाची नोटीस आली. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटींसाठी देशभरात सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली होती, ते आठवत असेल. चुकीची माहिती दिली असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड आहे. सही आपली असते, एजंटची नाही. रिटर्न भरून झालं की स्वतः उघडून वाचा.

काटोल_रोड

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझे यजमान गेले. सासूबाई माझ्याकडेच आहेत, त्यांना दिसत नाही, प्रमाणपत्र १०० टक्क्यांचं आहे. त्यांना दुसरा मुलगा नाही. घरात कमावणारी मी एकटी. मला ८०डीडी मिळेल का?

ताळेबंद

ताई, उत्तर नाही असं आहे, आणि ते लिहिताना मलाच जड जातंय. 'आई-वडील' यात सासू-सासरे येत नाहीत, ना ८०डीडीत ना ८०डीत. यजमान असते तर त्यांनी स्वतःच्या आईसाठी घेतलं असतं. एकच शक्यता तपासा. तुमच्या सासरचं अविभक्त हिंदू कुटुंब करदाता म्हणून आधीपासून अस्तित्वात असेल, त्याचा स्वतंत्र पॅन आणि शेतीशिवायचं उत्पन्न असेल, उदाहरणार्थ वडिलोपार्जित घराचं भाडं, तर ते कुटुंब आपल्या कुठल्याही दिव्यांग अवलंबित सदस्यासाठी ही वजावट घेऊ शकतं. पण आता वजावटीसाठी म्हणून मुद्दाम असं काही उभं करता येणार नाही.

काटोल_रोड

महालात जुना वाडा आहे, त्याचं भाडं सासऱ्यांच्या वेळेपासून वेगळ्या खात्यात येतं. पॅन आहे का ते बघते. धन्यवाद.

फुटाळा

ताई, हीच जागा मला सगळ्यात जास्त खटकते. सुनेनं सांभाळायचं, हे समाजाने गृहीत धरलेलं. कायद्याने तिला यादीत घेतलंच नाही.

सक्करदऱ्याची

प्रमाणपत्राबद्दल लिहिते, कारण बऱ्याच घरांत तिथेच अडतं. अर्ज आधी ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग तारीख मिळते. आम्ही आईला मेडिकलला (नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) नेलं होतं. बोर्डाचे डॉक्टर नुसते कागद बघत नाहीत. त्यांनी आईला एक शर्ट दिला आणि बटण लावायला सांगितलं. डाव्या हाताने तिने पहिलं बटण घरात अडकवलं, पण दुसऱ्या हाताशिवाय कापड धरता येईना. मी मदत करायला पुढे झाले तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही थांबा, आजींना करू द्या." ते योग्यच होतं. रोज आपण इतकं करून देतो की त्यांना काय जमत नाही हे आपल्यालाच दिसेनासं होतं.

जुने डिस्चार्ज पेपर, एमआरआय, आधार सोबत ठेवा. कार्डाचा रंगही पाहा. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० मध्ये पिवळा आणि ८० पासून पुढे निळा. प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं, हेही वाचा. आमचं मुदतीचं निघालं.

ताळेबंद

हा मुदतीचा मुद्दा फार महत्त्वाचा. प्रमाणपत्राची मुदत ज्या वर्षात संपते त्यानंतर नव्या प्रमाणपत्राशिवाय वजावट मिळत नाही.

आणखी एक. प्रमाणपत्रावर अपंगत्वाचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविध अपंगत्व असेल तर फॉर्म १०-आयए ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याचा पावती क्रमांक रिटर्नमध्ये टाकावा लागतो. लकव्यात कधी फक्त लोकोमोटर (हालचालीचं) लिहितात, कधी वाचेचं धरून बहुविध. दोन्हींत फरक पडतो. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून रिटर्नमध्ये ८०डीडीचं वेगळं परिशिष्ट आहे. त्यात अवलंबित व्यक्ती कोण, तिचा पॅन, आधार, अपंगत्वाचा प्रकार, युडीआयडी क्रमांक हे सगळं विचारतात. नुसता आकडा टाकून भागत नाही.

फुटाळा, तुमच्या आईच्या आजारासाठी ८०डीडीबीही होतं, हे इतरांसाठी सांगतो. पार्किन्सन, डिमेन्शिया, मोटर न्यूरॉनसारखे मेंदूचे आजार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वासह असतील, कॅन्सर असेल, किडनी कायमची निकामी असेल, तर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत मिळतो. विमा कंपनीने दिलेली रक्कम त्यातून वजा होते आणि तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. हे कलम ८०डीडीपेक्षा वेगळं आहे, अटी पूर्ण होत असतील तर दोन्ही घेता येतात. अर्थात जुन्याच प्रणालीत.

नंदनवन_लेआउट

विचारू की नको असं होत होतं. माझे वडील गेल्या सप्टेंबरमध्ये गेले. ते ७० टक्के दिव्यांग होते, प्रमाणपत्र होतं. मी जुन्या प्रणालीतच आहे, भाडं आणि कर्ज दोन्ही आहे. सहाच महिन्यांचं ८०डीडी घ्यायचं का? की काहीच नाही?

ताळेबंद

फार वाईट वाटलं. वजावट पूर्ण ७५,००० घ्या. त्या वर्षात त्यांच्यावर खर्च झाला होता, एवढं पुरे. महिन्यांच्या हिशोबाने कापण्याची तरतूद कलमात नाही. प्रमाणपत्र आणि त्या काळातली बिलं जपून ठेवा. वडिलांचं स्वतःचं करपात्र उत्पन्न असेल तर गेल्या दिवसापर्यंतचं रिटर्न वारस म्हणून तुम्हाला भरावं लागेल, त्यासाठी पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करा. काही अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फी वगैरे काही नाही.

नंदनवन_लेआउट

मोठा भार उतरला. आईला वाचून दाखवलं.

मानेवाडा_रिंगरोड

सगळ्यांचे आभार. मी दोन्ही हिशोब केले. गृहकर्ज नाही, घर बाबांचंच आहे, त्यामुळे भाडंही नाही. माझ्यासाठी नवीच प्रणाली बरी. ८०डीडी यावर्षी उपयोगाला येणार नाही. भावाशी बोललो, त्याला कर्जामुळे जुनी परवडते. बाबांच्या औषधांची बिलं तो आता थेट भरणार आणि ८०डीमध्ये खरीखुरी दाखवणार. बाबांचा मेडिक्लेम नाहीच, लकव्यानंतर कुणी द्यायला तयार झालं नाही. आमच्यात पैशावरून जी ओढाताण व्हायची, तीही यामुळे थोडी सुटली, कारण आता कोण काय भरतो ते लिहून ठेवलंय.

बाबांचं प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. 'बहुविध' लिहिलंय. ताळेबंद सरांनी सांगितलं नसतं तर लक्षातही आलं नसतं.

बर्डी_मेनरोड

एक शेवटची शंका, बऱ्याच जणांना असेल. ऑफिसने वर्षभर नव्या प्रणालीने टीडीएस कापला असेल आणि हिशोबात जुनी परवडत असेल, तर आता बदलता येतं का?

ताळेबंद

पगारदाराला रिटर्न भरतानाही बदलता येतं, मात्र मुदतीच्या आत भरलं तरच. मुदत उलटून गेल्यावर भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही, मग ८०डीडीही गेलं. धंदा किंवा व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांनी आधी फॉर्म १०-आयईए भरायचा, तोही मुदतीतच. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे २०२६-२७ पासूनच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदललेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनेच क्रमांक, तेव्हा यंदा फॉर्ममध्ये ८०डीडीच शोधा.